सॉल्व्हंटची ढेप

आमच्या इकडे सॉल्व्हंट म्हटलं का शेंबडं पोरगंही सांगते, सोयाबीनचं तेल काढायचा कारखाना. तेल एकीकडे निघते, ढेप एकीकडे. तेल माणसाले, ढेप जनावराले. आर्णीपासून यवतमाळपर्यंत कोणालेही इचारा. म्हणून आमच्या तांड्याच्या वरच्या माळावर पत्र्याचं शेड उभं राह्यलं अन् 'सॉल्व्हंट प्लांट' होऊन राह्यला असा बोलबाला झाला, तवा कोणी जास्त खोदून इचारलं नाई. आमच्या ओळखीचा शब्द होता. त्यात लोकाईनं भलतंच भरून ठेवलं होतं, ते मागून समजलं. मले थंड डोक्यानं बोलता येत नाई, आधीच सांगून ठेवते.

माझा नवरा इंद्रजीत त्या प्लांटवर लागला. नवऱ्याचं नाव घेऊ नाई म्हणते. मी घेते. नाव झाकून ठेवावं असं काई त्यानं केलं नाई.

नवीन लागलता तवा लय हरखून सांगे. चुलीपाशी बसून, हातवारे करून. "धरणातली जलपर्णी हाय ना, अन् बाजारातला सडका भाजीपाला, तो तसाच ओला घ्यायचा. वाळवायची भानगड नाई. बारीक करायचा, हे एवढ्या मोठ्या कुकरात टाकायचा अन् त्याच्याच पाण्यात दाबाखाली शिजवायचा. निघते काळंभोर कालवण. त्यात तेल असते, पण पाण्यात अन् गाळात असं बसून राह्यते का काढतो म्हटलं तं निघत नाई. मग त्यात सॉल्व्हंट ओततो आमी. ते तेलाले आपल्यात ओढून घेते अन् वर येते. खालचं पाणी सोडून द्यायचं. वरचं गरम केलं का सॉल्व्हंट वाफ होऊन उडते, थंड नळीतून पुन्हा पातळ होऊन परत येते. मागं राह्यते ते तेल. त्याच्यावर गाड्या चालन."

मी म्हटलं, "अन् ढेप?"

"ढेपही निघते ना. कायले नाई निघणार?" असं म्हणून तो ताटावर बसला.

झालं. माझ्या डोक्यात सोयाबीनच्या ढेपीशेजारी जलपर्णीची ढेप जाऊन बसली. गाईम्हशी जलपर्णीले तोंड लावतेच की कधीकधी. त्याच्यात इपरीत काय वाटणार?

त्याच्या अंगाले कायम एक वास येई, नखपॉलिशचा. हापशीवर बाया मले छळत. "काहून वं संगीता, रात्री नखं तू रंगवते का तो?" मी म्हणो, "तुमच्या नवऱ्याईच्या अंगाले मोहाच्या दारूचा वास येते, त्याच्यापेक्षा बरा." हासत सगळ्या. मीही हासत होती तवा.

आता बापूचं सांगते. बापू म्हणजे खेमसिंग, माझे सासरे. सासू मी येण्याच्या आधीच गेली. घरात बापू, इंद्रजीत, मी, अन् गोठ्यात दोन बैल, कैऱ्या अन् लाल्या. कैऱ्याची माय त्याले टाकून मेली, तं बापूनं त्याले बाटलीनं दूध पाजून वाढवलं. मांजरासारखे घारे डोळे म्हणून कैऱ्या. तो माझं ऐके नाई, इंद्रजीतचं तं नाईच नाई. बापू नुसते खाकरले तरी कान टवकारे. आमी गोर बंजारा लोकं, बाप्पा. बैलाच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर फिरलेली जात. बापू म्हणत, "आपल्याले गाव नव्हतं, तवा बैल हेच गाव होतं." बैलाच्या चाऱ्याले ते कोणाले हात लावू देत नसत. मले सुद्धा नाई. एकदा मी सरकी भिजू घातली तं म्हणाले, "बाई, तुझ्या हाताले चव हाय, पण ती माणसाची."

त्या दिवशी सकाळी इंद्रजीत पाळी संपवून आला. गाडीवर पोतं होतं, पोत्यावर गाईचं चित्र. गोठ्यात पोतं टाकलं अन् म्हणाला, "बापू, ढेप आणली." एवढेच शब्द. माझ्या या दोन कानाईनं ऐकले. मी अंगणात भांडे घासून राह्यलती. मग तो आत गेला अन् तोंडावर पांघरूण घेऊन पडला.

बापू असे खूश झाले का काय सांगू! पोरानं स्वतःहून बैलासाठी काई आणलं, हे पहिल्यांदाच. पोतं उसवलं, आतून वड्या निघाल्या, काळ्याकुट्ट, विटेच्या अर्ध्या.

मी म्हटलं, "बापू, एवढी काळी ढेप?"

"जास्त भाजली असन," बापू म्हणाले. वडी नाकाशी धरली. "वास तं इंद्रजीतच्या अंगाचाच हाय. त्याच्याच हातची हाय म्हणजे." अन् हासले.

लाल्यानं तोंड फिरवलं. कैऱ्यानंही आधी फिरवलं. मग बापूनं वडी फोडून भिजवली, वरून गूळ कालवला अन् हातानं त्याच्या तोंडात घास देला. बापूच्या हातचा घास कैऱ्या नाई कसा म्हणन? खाल्ला त्यानं. सगळं घमेलं चाटून पुसून खाल्लं.

उन्हं वर आली अन् कैऱ्या खाली बसला. पोट फुगलं, तोंडाले फेस आला. मी जवळ गेली तं फेसाले नखपॉलिशचा वास. आर्णीवरून जनावराचा डॉक्टर बोलावला, त्यानं सुई टोचली, नळी घातली, मग घमेलं हुंगून म्हणाला, "हे काय खाऊ घातलं हो? इख हाय हे." बापूच्या मांडीवर डोकं ठेवून कैऱ्या गेला. बापू त्याच्या कानात खाकरत होते. एकदा, दोनदा, कितीदा तरी. कान हालला नाई.

मी आत जाऊन इंद्रजीतले गदागदा हालवलं. तो बाहेर आला, घमेलं पाह्यलं, अन् पांढरा पडला. मले कोपऱ्यात ओढून म्हणे, "जाळाले आणली होती वं. पाणी तापवाले. वीटभट्टीवर जाते ती, जाळाले."

"तं ढेप काहून म्हटली?"

"तिथं आमी ढेपच म्हणतो तिले."

मग सांगितलं त्यानं. प्लांटवरचे रजत साहेब नागपूरचे. ते म्हणाले, पोराईले समजन असे शब्द फळ्यावर लिहा. तेलाले तेल लिहिलं, पाण्याले पाणी. गाळ दाबून वड्या पाडतात त्याले काय लिहावं, तं हाच शहाणा म्हणे, "ढेप लिहा साहेब. सॉल्व्हंटमधून तेल काढून जे राह्यते ते ढेपच." साहेबानं पाठ थोपटली त्याची. त्या दिवसापासून प्लांटवर ढेप म्हणजे जाळण, अन् घरी ढेप म्हणजे घास. आमच्या घरात दोन्हीकडे राहणारा हा एकटा. त्याच्या जिभेवर बदललेला शब्द त्याले घराच्या दारात पुन्हा बदलता आला नाई. म्हणून माझा बैल गेला.

चूक झाली, मी समजू शकते. झोपेत माणूस काईबाही बोलते. चुकीचा राग मले आज नाई. राग पुढच्याचा हाय.

दुपारून रजत साहेब आले. माणूस वाईट नाई, खोटं कायले बोलू? वडी हातात घेऊन हुंगली अन् तोंड वाईट केलं. म्हणाले, "वाळवणीचं मशीन बंद होतं काल रात्री. सॉल्व्हंट पूर्ण निघालंच नाही यातून. ओलीच भरली पोत्यात."

मी इचारलं, "अन् पोत्यावर गाय काहून?"

"जुनी पोती आहेत ताई. बाजारातून घेतो आम्ही."

मग ते इंद्रजीतकडे वळले. "इंद्रजीत, माल बाहेर नेताना ज्याला देतो त्याला सांगायचं, हे शिकवलं होतं. सही आहे तुझी. तू सांगितलं होतंस ना घरी, ही जाळायची आहे म्हणून? सांगितलं नसशील तर मग मला वर कळवावं लागेल." प्रश्नातच उत्तर भरून देलं होतं.

इंद्रजीतनं एकदा माझ्याकडे पाह्यलं, एकदा बापूकडे. "हो साहेब. सांगितलं होतं."

मी तोंड उघडलं. बापू बैलापाशी बसले होते, तिथूनच म्हणाले, "बाई, साहेबाले पाणी आण."

गेली मी. पाणी आणाले गेली! आजही त्या तांब्याचा राग येते मले.

दुसऱ्या दिवशी नसाब बसली. नसाब म्हणजे आमच्या तांड्याची पंचायत. बैलाची हत्या झाली म्हणजे ती कोणाच्या हातानं झाली हे ठरवाच लागते, नाई तं त्या घरचं पाणी कोणी पीत नाई. पोरं हासतात आता असल्या गोष्टीले. पण हासणारे पोरंही त्या दिवशी आमच्या माठाजवळून लांबून गेले, पाह्यलं मी.

शंकरसिंग नायकानं इचारलं, "इंद्रजीत, बोल."

"मी सांगितलतं बापूले. जाळायची हाय म्हणून."

"खेमसिंग, पोरानं सांगितलतं?"

बापू जमिनीकडे पाहत होते. "सांगितलतं. माझेच कान गेले आता."

कान गेले! नाल्यापलीकडे कोणाच्या बैलाची घुंगरमाळ वाजली तं बैल कोणाचा हे सांगणारा माणूस! मी ताडकन उठली. मागच्या बायाईनं पदर ओढून बसवलं. "नसाबीत बाई बोलत नाई, संगीता. घराची लाज राख." चोर सोडून संन्याशाले सुळी, अन् लाज मी राखाची. तोंड दाबून बुक्क्याचा मार म्हणतात तो हाच.

नायक मनानं चांगला. म्हणाला, "खेमसिंग, जमाना बदलला. तांड्याले जेवण घाल, मोकळा हो."

बापू म्हणाले, "जेवण घालून हत्या उतरत नाई. मी दावं घेतो."

दावं घेणं म्हणजे मेलेल्या बैलाचं दावं आपल्या गळ्यात बांधून, अनवाणी, शिवेवरच्या पाच गावात दारोदार भिक्षा मागायची. ज्याच्यावर हत्या हाय त्यानं बोलायचं नाई, कारण बैल बोलत नाई. दारातलं माणूस इचारते, "कोणाच्या हातानं गेला?" संगतीले असते त्यानं उत्तर द्यायचं. पाच गावं झाले का नदीवर आंघोळ, तवा दावं सुटते. त्याच्या आत तोंडातून एक शब्द जरी निघाला तं सगळी भिक्षा पाखराईले टाकून पुन्हा पहिल्या दारापासून. आमच्या तांड्यात किती वर्षात कोणी दावं घेतलं नव्हतं.

संगतीले पोरगा पाह्यजे. नायकानं इंद्रजीतकडे पाह्यलं. तो म्हणे, "मले सुटी नाई भेटत."

घरी आल्यावर मी त्याले सोडलं नाई. "जीभ झडली होती का तुमची? बापाच्या गळ्यात दावं बांधता?"

"मी बांधलं का? ते सोताच म्हणाले."

"तुमच्यासाठी म्हणाले!"

"मग मी काय करू? तांड्यातले पोरं माझ्या भरवशावर लागले तिथं. साहेब म्हणाले, एक खोटा निघाला तं तांड्यातला कोणीच नको. सगळ्याईच्या चुली इझवू का?"

"खोटं बोललेच तुमी, आता खोटे निघायचे काय राह्यले?"

त्यानं हेल्मेट उचललं अन् गेला. मूग गिळून बसणाऱ्या माणसाले पाळीची वेळ बरोबर आठवते.

तं संगतीले मी गेली. बापूनं मानेनंच नाई म्हटलं होतं, पण दुसरं होतं कोण? डोक्यावर पिशवी, पुढं बापू, गळ्यात कैऱ्याचं दावं. त्या दाव्याले अजून कैऱ्याचे केस चिकटून होते.

पहिल्या गावात एक म्हातारी आली दारात. "कोणाच्या हातानं गेला वं?"

मी बापूकडे हात केला. "यायच्या हातानं."

मूठभर ज्वारी पडली. पुढच्या दारी पुन्हा तेच. कोणी हासे, "आता कुठी असते का हे?" कोणी हात जोडून देई. कोणी कुत्रं हाकलावं तसं हाकललं. एका घरी विजयमालाबाई म्हणून कुणब्याची बाई होती, तिनं बापूच्या पायावर पाणी घातलं अन् स्वतःच रडाले लागली. मलेच तिले समजवावं लागलं. अन् प्रत्येक दारात माझ्याच तोंडानं, "यायच्या हातानं, यायच्या हातानं." खोटं इंद्रजीत एकदा बोलला होता, नसाबीत धरून दोनदा. मी पाच गावात बोलत फिरली. बापू मागं वळून पाहत नव्हते. त्याईच्या टाचा फुटल्या, मातीत रक्त उमटे, अन् मी त्याच पावलाईवरून चालत होती. रागानं माझं तोंड कडू झालं होतं.

पाचवं गाव झालं. आता फक्त नदी. नदीची वाट प्लांटच्या फाटकापुढून जाते, दुसरी वाट नाई. मी म्हटलं, "बापू, मान खाली घालून निघून जाऊ." फाटकावर बबनराव चौकीदार बसते. जुना माणूस, रीत जाणणारा. त्यानं बापूले ओळखलं, स्टूल सोडून उठला, आपला डबा उघडला अन् म्हणाला, "थांबा खेमसिंगभाऊ. माझ्या हातचं घेतल्याशिवाय जाऊ नका."

दारात थांबवलं म्हणजे थांबाच लागते. अन् तवाच पाळी बदलली. आतून पोरं निघाले, त्याईच्यात इंद्रजीत. मागं गाडी ढकलत रजत साहेब. वाऱ्यासोबत तोच वास आला. बापूनं डोळे मिटले.

इंद्रजीत बापाले पाहून थबकला. गळ्यातलं दावं पाह्यलं, पायाकडे पाह्यलं. मले वाटलं, आता येते. आता धावत येते अन् दाव्याले हात घालते. एक पाऊल टाकलंही त्यानं. मग साहेबाकडे पाह्यलं, अन् खिशातून मोबाईल काढून त्यातच पाहाले लागला.

बबनराव भाकरीचा कुटका हातात धरून रीतीनं इचारून राह्यला होता, "कोणाच्या हातानं गेला, बाई?"

मी बोट केलं. सरळ इंद्रजीतच्या छातीकडे. "याच्या."

बबनरावाचा हात तसाच राह्यला. पोरं थांबले. मी म्हटलं, "याच्या हातानं! यानं ढेप म्हणून गोठ्यात टाकली. जाळायची हाय, एवढा एक शब्द याच्या तोंडातून निघाला नाई. मी कानानं ऐकलं. नसाबीत खोटं बोलला, साहेबापुढं खोटं बोलला. अन् म्हातारा बाप पाच गावं फिरून राह्यला याच्यासाठी!"

रजत साहेबानं गाडी स्टँडवर लावली. "काय म्हणतात या, इंद्रजीत?"

इंद्रजीतनं बापूकडे पाह्यलं. लहान पोरगं पडल्यावर पाह्यते तसं पाह्यलं. नवरा हाय माझा, पण त्या क्षणी मले त्याची किळस आली. बोल ना बाप्पा! आता तरी बोल! साहेबही बापूकडेच पाहाले लागले. तो शब्द कोणीतरी बोलाच लागत होता.

अन् बापू बोलले.

"पोरगी रागात हाय साहेब. तिले माहीत नाई. त्यानं सांगितलतं मले. माझ्याच हातानं गेला."

बबनरावानं कपाळावर हात मारून घेतला. "अरे भाऊ! नदी दिसून राह्यली होती ना समोर! बोलले ना तुमी!"

बापूले बोलल्यावरच समजलं असन, नाई तं आधीच समजलं असन, मले सांगता येत नाई. त्याईनं माझ्या डोक्यावरची पिशवी उतरवली अन् पाच गावची ज्वारी फाटकापुढच्या मातीत ओतली. पाखरं यायच्या आधी प्लांटचा भोंगा झाला. रजत साहेब म्हणाले, "बरं, मिटलं मग," अन् गाडी चालू केली. इंद्रजीतनं दुसऱ्या पाळीतल्या पोराच्या हातात चावी देली. माझ्या बाजूनं गेला, पण पाह्यलं नाई.

बापूनं नदीकडे पाठ केली. मी रिकामी पिशवी झटकली अन् त्याईच्या मागं निघाली. काय करणार? एकटं सोडू?

पहिल्या गावाच्या पहिल्या दारात तीच म्हातारी बाहेर आली. बापूच्या गळ्यातलं दावं पाहून चमकली, पण रीत ते रीत. तिनं इचारलं, "कोणाच्या हातानं गेला वं?"

बापू माझ्या तोंडाकडे पाहून राह्यले. एवढ्या गावात पहिल्यांदा मागं वळून पाहून राह्यले होते.

"यायच्या हातानं," मी म्हटलं.